परबकाका आणि लागण

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर दत्ताराम परब यांचा. आईवडिलांनी मला शिकवलं, गावच्या हायस्कुलातल्या मास्तरांनी सांगलीच्या कॉलेजपर्यंत पोचवलं. पण मिळालेल्या डिग्रीचं करायचं काय, हे मला मुलुंडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये परबकाकांनी दाखवलं. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला. बातमी मला कुणी कळवली नव्हती. मी त्यांच्या घाटकोपरच्या चाळीत पोचलो तेव्हा माझ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, कोंब आलेला उसाचा तुकडा होता, आणि त्यांच्या दाराबाहेर चपलाच चपला होत्या. काय झालंय ते विचारावं लागलं नाही. त्यांची मुलगी सुलभा बाहेर आली. वडील जाऊन तिसरा दिवस होता. ती रडली नाही, माझ्या तोंडाकडे रोखून बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुमचे डोळे बरे आहेत?"

हा प्रश्न तिनं का विचारला ते मला नंतर कळलं. वाचकांना कळायचं तर थोडं मागं जायला हवं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मालकांनी ट्रॅक्टरमागं जोडायचं ऊस लावायचं यंत्र करायचं मनावर घेतलं. तोवर आम्ही ट्रॉल्या करत होतो. ऊस पाहिलेला माणूस हवा म्हणून मला घेतलेलं. पहिल्याच दिवशी सगळे चहाला जमले असताना कुणीतरी गावाकडची खबर विचारली. मी सरळपणे सांगितलं, "आता घरोघरी लागण चालू असेल." शेजारचा जरा सरकून बसला. आमच्याकडं ऊस लावण्याला लागण म्हणतात, आणि मुंबईत लागण म्हणजे फक्त रोगाची, हे मला तोवर माहीत नव्हतं. कोपऱ्यात बसलेला, पांढऱ्या भुवयांचा एक फिटर कप खाली ठेवून म्हणाला, "मगे मेल्या, हयसर कित्याक इलंस? आमका पण देशीत!" हसण्याचा स्फोट झाला. ते परबकाका. मालवणकडचे, सव्वीस वर्षं गिरणीत मागांची दुरुस्ती केलेले, आणि गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडं आलेले. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये कुणी शिंकलं तरी माझ्या नावानं "बाळासोची लागण" म्हणायची पद्धत पडली.

मला ड्रॉइंग येत होतं, हातात कानस कशी धरायची ते येत नव्हतं. कापणाऱ्या पात्यांचं माझं पहिलंच माप चुकलं आणि आख्खा पत्रा वाया गेला. मालक तावातावानं आले तेव्हा परबकाका म्हणाले की माप आपणच चुकीचं वाचलं. मालक गेल्यावर मी त्यांच्याकडं बघूही शकलो नाही. ते एवढंच म्हणाले, "परत काढ. ह्या खेपेक हातान मोजून काढ." दर रविवारी जेवायला मी त्यांच्याकडं असायचो. काकी माशाचं सार वाढायच्या, सुलभा शाळेत शिकवायची तिथल्या गमती सांगायची. परबकाका मात्र घरात कामाचा एक शब्द काढायचे नाहीत. गिरणीपासूनची सवय. गिरणी उंबऱ्याबाहेर ठेवायची, म्हणायचे. त्यामुळं हा माणूस दिवसभर काय करतो, हे त्या घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं... या सवयीचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

यंत्र तसं साधं. मागं दोन माणसं बसून ऊस आत सोडणार, पाती त्याचे तुकडे करणार, तुकडा पत्र्याच्या घसरगुंडीवरून खाली सरीत पडणार आणि मागून माती ओढली जाणार. त्या तुकड्याला आम्ही टिपरी म्हणतो. प्रत्येक टिपरीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागा. पहिल्या हंगामात आमच्या गावच्या एका शेतात चाचणी घेतली. जेमतेम निम्मा ऊस उगवला. मी माती उकरून टिपऱ्या बाहेर काढल्या, तर जवळजवळ प्रत्येकीचा एक डोळा चेचलेला. मालकांनी सांगितलं, आणखी एक हंगाम बघू, नाहीतर हे बंद, आपल्या ट्रॉल्या बऱ्या.

परबकाकांनी ते मनाला लावून घेतलं. उसाचं शेत त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी फरशीवर खडूनं दोन रेघा ओढल्या आणि मला म्हणाले, ही तुझी सरी, आता तुझी आई टिपरी कशी लावते ते दाखव. माझ्या आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात लागण केली. मी बूट काढले आणि हातात लोखंडी नळीचे तुकडे घेऊन, वाकून, त्या रेघांमधून चालू लागलो. तुकडा आडवा ठेवायचा, डोळे दोन्ही बाजूंना येतील असा, आणि टाचेनं हलकेच चिखलात दाबायचा. पोरं शिट्ट्या मारत होती. परबकाका उकिडवे बसून माझ्या पायांकडं बघत होते. तीन वेळा चालायला लावलं. मग म्हणाले, "तुझी आवस टाकणा नाय रे झिला. ठेवता. आपला मशीन टाकता."

त्यानंतर महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. ती सरळ घसरगुंडी काढून वळणाची केली, जमिनीपासून चार बोटांवर आणली. आतून लावायला रबर आणलं, ते चिकटायला लागलं. शेवटी घरून एक चामड्याचा पट्टा घेऊन आले. गिरणीतल्या मागाचा, शेवटच्या दिवशी आठवण म्हणून आणलेला. तो कापताना त्यांचा हात जरा थांबला. मी म्हटलं, काका, दुसरं काहीतरी बघू. ते म्हणाले, "सव्वीस वर्सां दुसऱ्याची मशिना सांभाळलंय. ह्या एक माझा."

दुसऱ्या चाचणीला ते येणार होते. तिकीटही काढलं होतं. पण कावीळ झाली. तरी यंत्र लॉरीवर चढवताना घरच्यांना न सांगता वर्कशॉपच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. डोळे हळदीसारखे झाले होते. मी म्हटलं, काका, घरी जा. ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांचा सोड. टिपरीच्या डोळ्यांचा काय ता लगेच कळव."

या वेळी यंत्र चाललं. माझी आई बांधावर उभी राहून बघत होती. पहिली सरी संपल्यावर म्हणाली, "छान ठेवतंय की रं. आता आमच्या पायांनी काय करायचं?" एकविसाव्या दिवशी सकाळी मी शेतात गेलो, पंधरावीस टिपऱ्या उकरल्या, आणि प्रत्येकीचे दोन्ही कोंब वर आलेले. दिवाळीमुळं वर्कशॉप बंद होतं, फोन घ्यायला कुणी नव्हतं. पोस्टमन रस्त्यानं चालला होता. त्याला थांबवून, त्याच्या सायकलच्या सीटवर कार्ड ठेवून मी चार ओळी लिहिल्या. मग आठ दिवस तिथंच राहिलो. आसपासचे शेतकरी बघायला येत होते, इंजिनिअरसाहेब म्हणत होते... मला ते गोड वाटलं, हे कबूल करायला हवं.

ते कार्ड घाटकोपरला वेळेवर पोचलं होतं. सुलभानं वाचलं, काकींना वाचून दाखवलं. डॉक्टरांनी दोघींना आधीच बजावलं होतं, पाणी उकळा, भांडी वेगळी ठेवा, लागण होईल. मी तर काकांच्या ताटाशेजारी जेवणारा. मायलेकींनी ठरवलं, हे बाबांना सांगायचं नाही. आपल्यामुळं पोराचं वाटोळं झालं म्हणून ते हाय खातील. सुलभानं कार्ड कॅलेंडरमागं खोचून ठेवलं. ते मात्र रोज विचारायचे, "पोराचा पत्र इला काय गो?" आणि ती रोज सांगायची, नाही आलं. शेवटच्या दिवशी भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "नाय जमला वाटता. म्हणान लिवक नाय."

त्या घरात ते कार्ड समजेल असा एकच माणूस होता.

मी सुलभाला खरा अर्थ सांगितला. न सांगता राहायला हवं होतं का, अजून कळत नाही. तिनं माझ्या हातातल्या गोणपाटाकडं बघितलं. मग गोणपाट सोडलं, दोन्ही कोंबांवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "म्हणजे मी फक्त वाचून दाखवायचं होतं?" मी म्हटलं, चूक माझी आहे, मी ऊस एवढा एक शब्द लिहायला हवा होता. टिपरी तिनं गॅलरीतल्या तेलाच्या डब्यात लावली आहे. परवा गेलो तेव्हा वीतभर पानं होती. या लेखाचंही तिला विचारलं. लिहा म्हणाली, आणि ते कार्ड मला परत दिलं. पाठ झालं असलं तरी इथं जसंच्या तसं उतरवतो.

"ती. परबकाकांस सा. नमस्कार. लागण झाली. आज एकविसावा दिवस. दोन्ही डोळे फुटले. आता आपण काळजी करू नये. बाकी भेटीत. आपला, बाळासो."