वसंताच्या गाडीचा काटा

वसंता गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला, प्रशांतने. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, "गाडी घेऊन गेला होता काय?" बाप गेलेल्या पोराला कुणी असं विचारतं का? त्याला वाटलं असेल, म्हातारा गडबडला. "हो," म्हणाला, "छातीत जळजळतंय म्हणून गोरेगावच्या डॉक्टरकडे निघाले होते. आई बरोबर होती. आरे कॉलनीच्या चढावर गाडी गरम झाली, थांबावं लागलं. दवाखान्याच्या पायरीवरच पडले." फोन ठेवला आणि मी गॅरेजचं शटर ओढून घेतलं. लोकांना वाटलं मित्र गेला म्हणून. खरं सांगतो, भीतीने ओढलं. ती गाडी मी दुरुस्त केली होती.

वसंताची नि माझी ओळख पस्तीस-एक वर्षांची. साकीनाक्याला माझं गॅरेज, दीड गाळ्याचं. तो दुधाचा टेम्पो चालवायचा आणि टेम्पो बिघडला की माझ्याकडे यायचा. पुढे पुढे टेम्पो ठीक असला तरी यायचा. चहा माझा, बिडी त्याची. माझी शाळा चौथीत सुटली, त्याची सातवीत, म्हणून पेपर तो वाचायचा आणि मी ऐकायचो. मध्येच काही चुकीचं घुसडून द्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा, पकडतो का म्हणून. मी पकडलं की म्हणायचा, "दत्ता, तू शिकला असतास ना, तर आम्हाला जगू दिलं नसतंस."

रिटायर झाल्यावर त्याला स्वतःची गाडी हवी झाली. जोगेश्वरीला एका पारशाकडे जुनी गाडी उभी होती, ती मीच शोधून दिली. त्याची बायको, शालूवहिनी, गाडीला हळदकुंकू लावताना म्हणाल्या, "दत्ताभाऊ, ही आमच्या लग्नाच्या आधीची दिसते." वसंता म्हणाला, "असू दे गं, तुझ्यापेक्षा कमी ओरडते." वहिनींनी हळदीचं बोट त्याच्याच कपाळाला पुसलं…

वर्षभराने गाडी तापायला लागली. समोर तापमानाचा काटा असतो, तो लाल पट्टीकडे जायचा. पहिल्यांदा आणली तेव्हा मी थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप. आमच्याकडचे सगळे जुने मिस्त्री हेच करतात. मुंबईत कुठे थंडी पडते, झडप हवी कशाला? पाणी मोकळं फिरू दे, गाडी गार राहील. पाण्यात कूलंट घालू का, गंज धरत नाही म्हणे, असं त्याने विचारलं तर मी म्हटलं, रंगीत पाणी आहे ते, नळाचं घाल. दुसऱ्यांदा आणली तेव्हा मी चालवून बघितली, साकीनाक्याचा एक फेरा मारला, काही झालं नाही. "काटा खोटा आहे," म्हटलं, "जुनी वायरिंग. लक्ष देऊ नको."

तिसऱ्यांदा आला तो रविवार होता. गॅरेजसमोर चार माणसं चहा पीत होती. वसंता हळूच म्हणाला, "यार दत्ता, आरेच्या चढाला वास येतो रे. एकदा पंप उघडून बघतोस का?"

मला पंप उघड म्हणून सांगतो! माझं डोकं फिरलं. "चाळीस वर्षं इंजिनं उघडतोय मी. तू आयुष्यभर दुधाच्या किटल्या वाहिल्यास, तू मला शिकवणार?"

चारही जण हसले. वसंताही हसला. "बरं बाबा, काटा खोटा," म्हणाला आणि गेला. त्यानंतर गाडीचं नाव त्याने माझ्यापुढे काढलं नाही. मला वाटलं, बघ, बरोबर होतो मी.

दहावं झाल्यावर प्रशांतने गाडी माझ्या दारात आणून सोडली. "बघा काका, विकायची आहे." आठ दिवस मी तिच्या बाजूने जायचो नाही, मागच्या गल्लीने घरात शिरायचो. बॉनेट उघडायची भीती वाटायची. आत काय असेल त्यापेक्षा मला ते कळेल, याची.

नवव्या दिवशी सकाळी उघडलं. इंजिन थंड होतं. रेडिएटरचं झाकण काढलं, आत चहासारखं पाणी. चालू केली आणि तोंडातून आत बघत राहिलो. पाणी फिरत असलं तर तिथे हलताना दिसतं. ते डबक्यासारखं उभं होतं. थोड्या वेळाने वरच्या पाइपाला हात लावला, पोळला. खालच्या पाइपाला लावला, गार. झडप तर मीच काढलेली. म्हणजे पाणी ढकलणारा पंपच राहिला. तरीही मी पंपाला हात घातला नाही. आधी काटा तपासू, म्हटलं. काटा तरी खोटा निघू दे… तापमान मोजणारा सेन्सर इंजिनातून काढला, त्याची वायर जोडलेली ठेवली, दुसरी एक वायर बॉडीला बांधली आणि बायकोने चहाचं पाणी उकळलं होतं त्यात तो सोडला. काटा उठला, सरळ लाल पट्टीजवळ जाऊन उभा राहिला. गार पाण्यात घातला, खाली आला. चार वेळा केलं. चारही वेळा काटा खरं बोलला.

मग पंप उतरवला. आतल्या चक्राला पाती असतात, ती पाणी ढकलतात. गंजून पाती गेलीच होती. उरली होती नुसती गुळगुळीत चकती. नळाच्या पाण्याने खाल्लेली.

नवा पंप बसवला, सगळं धुऊन काढलं, कूलंट घातलं. सामान ठेवायला डिकी उघडली तर कोपऱ्यात पाच लिटरचा पाण्याचा डबा, अर्धा भरलेला, शेजारी नरसाळं आणि घडी घातलेला टॉवेल. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं सामान. काटा खोटा म्हटलं होतं मी, मग त्याने हे ठेवलं कशाला, कळेना.

गाडी घेऊन मरोळला वहिनींकडे गेलो. बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. "काटा खरा होता वहिनी. मी खोटा म्हटलं. तो विश्वासला…"

वहिनी गहू निवडत होत्या. हात थांबवला नाही त्यांनी. "ते कुठे विश्वासले? त्यांना ठाऊक होतं. आरेत चढ लागला की गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडून गार होईपर्यंत बसायचे, मग टॉवेलने झाकण उघडून पाणी घालायचे. दर खेपेला. मी म्हणायची, सांगा ना दत्ताभाऊंना. तर म्हणायचे, जाऊ दे गं, त्याला चार लोकांत लागेल."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण थांबलो. वीस मिनिटं. मी म्हटलं रिक्षा करू, तर म्हणाले ॲसिडिटी आहे, गाडी रस्त्यात टाकून कुठे जाऊ." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, जरा आधी यायला हवं होतं."

त्या रडल्या नाहीत, मला बोलल्याही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सूप परत उचलत विचारलं, "आता ठीक आहे ना गाडी? घेणाऱ्याला काय सांगू?"

"बिनधास्त" हा शब्द माझ्या जिभेवरच असायचा. गिऱ्हाइकाने विचारायच्या आत मी तो देऊन टाकायचो. त्या दिवशी तो आला नाही. किती जणांना मी असंच, काटा खोटा आहे म्हणून परत पाठवलं असेल? ते आता कुठल्या चढावर असतील? हे सांगतोय ते त्यांच्यासाठीही. माझ्याकडून गाडी करून नेलेली असेल तर पुन्हा कुणालातरी दाखवा. मला विचारू नका.

"महिनाभर मी चालवून बघतो," वहिनींना म्हटलं, "मग सांगतो."

रोज सकाळी तिला आरेतून नेऊन आणतो. अजून तापलेली नाही. तरी चढाच्या मध्यावर मी गाडी बाजूला घेतो. डबा काढतो, टॉवेल काढतो. झाडाखाली वीस मिनिटं बसून राहतो. पाणी घालायची गरज नसते. डबा जसाच्या तसा डिकीत ठेवतो. आतलं पाणी त्यानेच भरलेलं आहे.