मिठागराचा फोटो

रोज सकाळी मी गावच्या ग्रुपवर इंटरनेटवर सापडलेलं काहीतरी टाकतो. कधी जुना नकाशा, कधी एखादा लेख, कधी विधानसभेतलं गाजलेलं भाषण. दोन-तीन अंगठे येतात, तेही नात्यातले. एकदा परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाच्या साइटवर आमच्या उरणच्या मिठागराचा जुना फोटो मिळाला. डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन बायका ओळीने चालल्या होत्या. त्याखाली मी मिठागरं कुणाच्या राजकारणात गेली, यावर चांगले तीन परिच्छेद लिहिले. कुणी हूं की चूं केलं नाही.

दुपारी, शाळेत माझ्याच बाकावर बसणाऱ्या आणि आता ट्रक चालवणाऱ्या मित्राने तोच फोटो पुन्हा टाकला. खाली एवढंच लिहिलं, 'पुढं चालतेय ती माझी आय.' झालं! सगळा ग्रुप जागा झाला. कुणी हात जोडले, कुणी रडलं, सरपंचबाईंनी तर फोटो पंचायतीत लावायचं जाहीर केलं. माझा नुसता जळफळाट झाला. शोधला कुणी आणि मिरवतोय कोण!

संध्याकाळी तो नाक्यावर भेटला, तेव्हा मी ऐकवलंच, "तो फोटो मी शोधलेला."

"व्हय, तूच," तो म्हणाला. "माज्या आयच्या मागं डाव्या हातानं टोपली धरलेली तुजी आय हाय. तू लिवशील म्हणून मी थांबलोय."

आई डावखुरी होती. भाकरीसुद्धा ती डाव्या हातानेच थापायची.