पिशवी जागेवर आसा काय?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या जयवंती कुबलची पाटी गळकी होती, आणि सहा वर्षं तिने ती मुद्दाम बदलली नव्हती. खोकला आला, ओझं उचललं की लघवी सुटायची. माशाच्या पाण्याने भिजलेल्या लुगड्याकडे कोण बघतो?

शेवटी पुतणी समीक्षाने तिला कुडाळला नेलं. डॉक्टर तन्वी म्हणाल्या, छोटी शस्त्रक्रिया आहे; मूत्रनळीखाली जाळीची पट्टी बसवायची. जयवंतीने मान हलवली, विश्वास ठेवला नाही. तिची जाऊ, समीक्षाची आई, हीच तक्रार घेऊन घाटावरच्या एका दवाखान्यात गेली होती. तिथे कागदावर अंगठा घेतला आणि गर्भाची पिशवीच काढली. गळायचं ते गळतच राहिलं.

"आधी माका ती पट्टी दाखवा."

तन्वीने नमुना दिला. जयवंतीने तो ताणला, नखाने चाचपला. तिचं माहेर जाळी विणणाऱ्यांचं.

"ह्यां तर आमच्या जाळ्याचांच सूत. कुजूचां नाय. पण रुतता."

"काही जणींना रुततं. मग पुन्हा यावं लागतं."

"ताणून बांधतलास?"

"नाही, सैलच. ताणली तर लघवी अडते."

हे तिला पटलं. जाळंसुद्धा ताणून बांधलं तर फाटतं. तरी सहीआधी तिने कागदावर लिहून घेतलं, 'गर्भाशयाला हात लावणार नाही', आणि समीक्षाकडून दोनदा वाचून घेतलं.

"काकी, डॉक्टर आसा ती, चोर नाय."

"तुझ्या आवशीची पिशवी काढल्यान, तोय डॉक्टरच होतो."

शस्त्रक्रिया झाली. तीन महिने पाटी उचलायची नव्हती. लुगडं कोरडं राहू लागलं, पण ओझ्याशिवायच्या कोरडेपणावर तिचा भरवसा नव्हता. पिशवीचा संशय तर वेगळाच. तन्वीला न कळवता ती समीक्षाला घेऊन कणकवलीला सोनोग्राफीला गेली.

तिथे तिला लिटरभर पाणी प्यायला लावलं. तासाभराने पोट तटतटलं, आणि नेमकी खोकल्याची उबळ आली. सवयीने तिने मांड्या आवळल्या. मग हळूच उठून बाकावर हात फिरवला. कोरडं. पुन्हा खोकली, या वेळी मुद्दाम. कोरडंच.

"गावलां मां उत्तर? चल आता घराक," समीक्षा म्हणाली.

"बस गो. गळूचां थांबलां, ह्यां कळलां. पिशवी आसा, ह्यां खंय कळलां?"

नाव पुकारलं तशी ती आत गेली आणि टेबलावर पडता पडता म्हणाली, "पिशवी खंय आसा ती बोट लावन दाखवा."