मोटारीचं पॅकिंग आणि माझे पाय

मला पांढऱ्या पायाची म्हणाले, त्याला किती वर्षं झाली ते मी आता मोजत नाही. पण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. कारण काय, तर माझ्या वरातीत सासऱ्यांची मोटार तीनदा बंद पडली. ती का बंद पडते ते मला तेव्हाच कळलं होतं. ऐकून घ्यायला मात्र एक माणूस तयार नव्हता.

माझ्या माहेरी, भालकीच्या बाजूच्या एका खेड्यात, अप्पांची पिठाची गिरणी होती. घासलेटवर चालणारं जुनं इंजिन. आई लवकर गेल्यामुळे माझं सगळं बालपण त्या इंजिनाशेजारी पिठानं पांढरं होण्यात गेलं. त्या इंजिनाला एक दुखणं होतं. दळण चालू असताना झकास चालायचं, आणि पट्टा उतरवून नुसतं हळू धडधडत ठेवलं की धापा टाकून बंद पडायचं. त्याचा शोध कसा घ्यायचा ते अप्पांनीच मला दाखवलं. इंजिन आणि तेलात हवा मिसळणारं कारबेटर जिथं एकमेकांना जोडलेले असतात, तिथं मध्ये एक पॅकिंग असतं. ते फाटलं की फटीतून जादा हवा आत ओढली जाते. वेगात असताना तेवढ्या हवेचं इंजिनाला काही वाटत नाही, पण हळू चालताना घासलेट कमी आणि हवाच जास्त होते, आणि ते मरतं. नीट कान दिला तर बारीक सूं सूं ऐकू येते. खात्री करायची असली तर त्या जोडावर थोडं तेल सोडायचं. फट घटकाभर बुजते. इंजिन सावरलं, तर दुखणं तिथंच आहे. "पाना घ्यायची घाई करू नगस, आधी ऐक," असं अप्पा म्हणायचे, आणि मी ऐकायला शिकले.

सासरी धान्याचा व्यापार होता. लढाईचे दिवस होते, पेट्रोल परवान्यावर मिळायचं. तरी सासऱ्यांनी कुणा जहागीरदाराची टाकून दिलेली मोटार घेतली होती आणि सगळ्या गावात ती एकच होती. सासूबाई हयात नव्हत्या. घर सासऱ्यांची थोरली बहीण चालवायची. तिला सगळे अक्का म्हणत.

लग्न आमच्याकडे लागलं आणि आठ कोस रस्ता मोटारीनं एका दमात कापला. खरी गंमत सासरच्या वेशीत सुरू झाली. पुढे हलगी, तिच्यामागे गाव आणि गावामागे चालीच्या वेगानं मोटार. मागच्या बाकावर मी, नवरा आणि अक्का. मारुतीपुढे नारळ फोडायला मोटार थांबली, इंजिन धापलं आणि बंद. ड्रायव्हरनं उतरून हँडल मारलं. दर्ग्यापुढे उदाची पुडी द्यायला थांबली, पुन्हा बंद. तोवर मला सूं सूं ऐकू आली होती. मी नवऱ्याला हळूच म्हणाले, "उभी राहिली की मरायलीय. पॅकिंगमधून हवा ओढायलीय. जोडावर तेल सोडून बघ म्हणा त्याला."

नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू ओटीतला नारळच बोलला. अक्कानं मात्र ऐकलं. "नवी नवरी तोंड उघडायलीय, ते बी मोटारीवर!" असं ती म्हणाली, आणि तेवढ्यात बाजारच्या चौकात मोटार तिसऱ्यांदा बंद पडली. मग अक्का बाकावरून उठूनच उभी राहिली. "गाव आलं आन् मोटार अडायलीय. हिला खाली उतरवा. बघू चालती का न्हाई."

त्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या चाकाखाली, ड्रायव्हरच्या हाताशी, एक लिव्हर होता. तो थोडा ओढून ठेवला की उभ्या मोटारीतही इंजिन जोरात चालायचं आणि बंद पडायचं नाही. एरवी ड्रायव्हर तेच करायचा. पण त्या दिवशी सासऱ्यांनी ताकीद दिली होती, वरातीला वेळ लागणार, पेट्रोल जळतं, लिव्हरला हात लावायचा नाही. मला खाली उतरवल्यावर ड्रायव्हरनं हँडल मारलं, बसला, आणि हळूच तो लिव्हर ओढला. मी बघितलं. माझ्या नवऱ्यानंही बघितलं. इंजिन गरजलं आणि गरजतच राहिलं.

सगळ्या चौकानं तोंडात बोटं घातली. दुखणं शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, एवढी साधी अक्कल गिरणीतल्या पोरीला होती. इथं मला काढलं आणि लिव्हरही ओढला, आणि सगळा दोष माझ्या पायांवर टाकून मोकळे झाले. ड्रायव्हर नोकरी जाईल म्हणून भ्याला होता, त्याचं मी समजू शकते. नवऱ्याचं नाही. तो मोटारीत बसून पुढे गेला आणि मी धूर खात तापलेल्या मुरमावरून अनवाणी मागे चालले. दारात ओलांडायला माप ठेवलं होतं. अक्कानं ते उचललं आणि मला परसदारानं आत घेतलं.

पुढे महिनाभर सासरे बाहेर निघाले की मला स्वयंपाकघरात कोंडायचे. मोटार तरीही उभी राहिली की मरायची, कारण लिव्हरची ताकीद सासऱ्यांनी कायमचीच करून टाकली होती. मी चार भिंतींच्या आड असतानाही ती मरते, याचा अर्थ काय, हे कुणी स्वतःला विचारलं नाही. अक्कानं मला माहेरी धाडून दुसरी मुलगी बघायचं ठरवलं, आणि अप्पांना निरोप गेला.

अप्पा आले त्या सकाळी सासऱ्यांना बीदरला निघायचं होतं. अंगणात ड्रायव्हर मोटार चालू करत होता आणि ती मरत होती. मी दाराच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, आता अप्पा बोलतील. या घरात आता एक तरी शहाणा कान आला होता. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सासऱ्यांच्या पायावर ठेवली. "सावकार, पोरीचं चुकलंय. पदरात घ्या," ते म्हणाले. त्यांच्या पाठीमागे इंजिन पुन्हा मेलं.

"बघा, आत बसून बी मोटारीला मारायलीय," अक्का म्हणाली.

मग माझा तोल सुटला. फळीवरची तेलाची पळी घेतली, दार गदागदा हलवून बाहेरची कडी पाडली आणि डोक्यावरचा पदर न सावरता अंगणात आले. ड्रायव्हरला म्हणाले, "इंजिनावरचं झाकण वर कर. चालू कर. लिव्हरला हात लावलास तर बघ." माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यानं मुकाट्यानं ऐकलं. इंजिन धापायला लागलं, मी जोडावर तेल सोडलं. सूं सूं थांबली. निळा धूर आला आणि इंजिन हळू, एका लयीत चालू राहिलं.

"मी मोटारीला टेकून उभी हाय," मी म्हणाले. "पडली का बंद?"

"बंद पाडणारीलाच चालू करता येतंय," अक्का म्हणाली. तिला मी कधी माफ केलं नाही. सासरे मात्र इंजिनाकडे बघत होते. मी त्या घरात आल्यापासून ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "नवं पॅकिंग घातलं तर लिव्हर ओढायला लागणार न्हाई?"

"न्हाई."

"मग राहू द्या हिला," ते अक्काला म्हणाले. माझ्या संसाराचा निकाल असा लागला. पांढऱ्या पायाची हा शब्द कुणी मागे घेतला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

अप्पा लगेच निघाले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. ते टोपीवरची धूळ झटकत होते. "बाई, चारचौघांत असं बोलायचं नव्हतंस," ते म्हणाले.

"अप्पा, मोटारीला काय झालंय ते तुम्हाला कळलं न्हाई?"

"कळलं की. वेशीतनंच ऐकू आलतं."

"मग टोपी कामून ठेवलाव त्यांच्या पायावर?"

"पोरीचा बाप हाय मी," ते म्हणाले, आणि मी पाया पडेन म्हणून वाट बघत उभे राहिले. मी पाया न पडता आत गेले.