तपासणीबाईंची पिल्लं

गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी ती तपासणीबाई. बाटल्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ती एका उंच स्टुलावर बसली. समोर दुधी काच, काचेमागे दिवा, आणि मधून सरकणाऱ्या पट्ट्यावर एकामागून एक रिकाम्या बाटल्या. तडा गेलेली, कड उडालेली, पोटात बुडबुडा राहिलेली दिसली की उचलायची आणि शेजारच्या पिंपात टाकायची. बाकीच्या जाऊ द्यायच्या. मिनिटाला साठ. गेलेली बाटली पुन्हा कधी नजरेला पडायची नाही.

कारखान्याने तिचे डोळे शाबूत ठेवले, पण कानांचं मात्र वाटोळं केलं. काचेवर काच आपटण्याच्या त्या गदारोळात बारीक आवाज हळूहळू नाहीसे झाले. आधी फोनची टिंग गेली, मग चमच्याची किणकिण, मग दाराची घंटा. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्याने माणसांचं बोलणं कळायचं, तेही समोरच्याच्या तोंडाकडे पाहिलं तर. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच.

चोपन्नाव्या वर्षी तिच्या स्टुलाच्या जागी कॅमेरा बसला आणि ती घरी आली. पहिले दोन महिने तिने घराची तपासणी केली. कपाटं झाली, डबे झाले, सुनेच्या ड्युटीच्या गणवेशाची बटणं झाली. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने एक दिवस शांतपणे सांगितलं, "हा ग्लास तू सकाळपासून तिसऱ्यांदा उजेडाला धरलास. तो अजून फुटलेला नाही."

त्याच आठवड्यात रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ती म्हणाली, "मी कोंबड्या पाळणार आहे. अंड्यांसाठी. एक दिवसाची पिल्लं आणायची आणि वाढवायची. बारा."

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. "अगं, मी मीठ मागितलं."

"मीठ तुमच्या डाव्या हाताला आहे. मी कोंबड्यांचं बोलतेय."

सून दवाखान्यात परिचारिका होती. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. त्यामुळे घरात काय होतं याचा पंच म्हणजे सूनच. तिने सासूच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कारखाना सुटल्यापासून या चेहऱ्यावर असं काही उजळलेलं तिने पाहिलं नव्हतं. "आई, मागच्या अंगणात ऊन कुठे येतं ते आधी बघू या," ती म्हणाली. पंचाने निकाल दिला.

मग तपासणीबाईंच्या अंगात वारंच शिरलं. सुनेकडून तिने उबवणी केंद्राला फोन करवला. मालकाने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तारखेभोवती कॅलेंडरवर लाल वर्तुळ आलं, आणि रोज सकाळी चहाआधी ती त्या वर्तुळाकडे एकदा बघून यायची, जणू ते रात्रीतून सरकलं असेल. पुस्तक आणलं, त्याची पानं दुमडून दुमडून जाड केली. पिल्लांना कोपरा चालत नाही, घाबरली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात, हे वाचल्यावर तिने नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं. "अहो, गोल काहीतरी द्या."

त्याने अडगळीतून पातळ पत्र्याची एक लांब पाटी काढली. रंगवून झाल्यावर शिंपी ती न्यायला आलाच नव्हता. पत्रा वाकवून त्याने छान गोल केला, कडांवर चिकटपट्टी मारली आणि मागच्या खोलीत फरशीवर ठेवला. अक्षरं नेमकी आतल्या बाजूला आली. 'येथे रफू करून मिळेल', लाल अक्षरांत, पिल्लांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"निदान वाचायला शिकतील," तो म्हणाला.

आत लाकडाचा भुसा, भुशावर कागद, मध्ये टांगलेला मोठा पिवळा बल्ब, एका बाजूला तापमापक. पाण्याच्या थाळीत तिने गोट्या टाकल्या, म्हणजे पिलू पाण्यात पडून बुडायला नको. आदल्या दिवशी तिने बल्ब लावला आणि दुपारभर त्या रिकाम्या गोलाशेजारी बसून राहिली. सून दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "आई, आत कुणी नाहीये." "माहितीये गं," ती म्हणाली. "पण पस्तीस अंश टिकतंय."

पिल्लं आणायला ती एकटीच गेली. उबवणीच्या खोलीत गरम, दमट हवा होती आणि ओल्या पिसांचा वास. मालकाने मोठा ट्रे पुढे ओढला. ट्रेभर पिवळे, तपकिरी, काळपट गोळे एकमेकांना ढकलत होते आणि प्रत्येकाची चोच उघडत-मिटत होती. मालक हसून काहीतरी म्हणाला. तिने ओठ वाचले: "ऐकताय ना कलकलाट? कान किटतात हो दिवसभर."

तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी तो ट्रे मुक्याने बोलत होता. तिने नुसती मान हलवली. मालकाने एक पिलू उचलून तिच्या ओंजळीत दिलं, आणि ती दचकली. पिलू थरथरत होतं, पण भीतीने नव्हे. थरथर थांबायची, चोच उघडली की पुन्हा यायची. ते ओरडत होतं, आणि ते ओरडणं तिच्या तळव्यात, बोटांच्या पेरांत लागत होतं. ती किती वेळ तशीच उभी होती कोण जाणे. मालकाला शेवटी विचारावं लागलं, "बाई, हेच हवंय का?"

"हे तर हवंच," ती म्हणाली. "बाकीची अकरा द्या."

त्याने बारा माद्या मोजून भोकं पाडलेल्या खोक्यात घातल्या आणि वर एक तेरावं टाकलं. "प्रवासाचं धरून. माद्याच आहेत सगळ्या, मी डोळ्यांत तेल घालून निवडतो."

परतीच्या बसमध्ये ती खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. थोड्या वेळाने पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं. मग तिच्या पुढच्या माणसाने. मग वाहकानेही तिकिटं फाडता फाडता मान वळवली. एकेक करत सगळी बस हसऱ्या तोंडाने तिच्या मांडीकडे बघू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, पिल्लांनी बस डोक्यावर घेतलीय. संकोचाने लाल व्हायच्या ऐवजी तिची छाती फुगली. तिने झाकण बोटभर उचललं आणि शेजारच्या आजोबांना आत बघू दिलं.

घरी आल्यावर एकेकाची चोच तिने साखरेच्या पाण्यात बुडवली. पिलू चोच वर करायचं, गिळायचं, आणि 'हे काय होतं' अशा तोऱ्यात इकडेतिकडे बघायचं. नवरा दारात उभा राहून पाहत होता. पाचव्या पिल्लानंतर तो खाली बसला. आठव्यानंतर त्याने हात पुढे केला. "एक दे की माझ्याकडे."

पुस्तकात लिहिलं होतं, पिल्लांच्या आवाजावरून कळतं. थंडी वाजली की मोठ्याने ओरडतात, सुखात असली की बारीक गुणगुणतात. ते पान तिने दुमडलं नाही. तिने आपली पद्धत काढली. बल्बखाली गठ्ठा करून बसली तर गारठा, पत्र्याला चिकटून लांब पळाली तर उकाडा, गोलभर विखुरली तर सगळं ठीक. दिवसभर ती दोरी वर-खाली करत होती, चार बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. दुसऱ्या दिवशी सुनेने सासूसाठी हौसेने खुर्चीवर गादी ठेवली, तेव्हा गोलापासून चार हातांवर बसूनच तपासणीबाई म्हणाली, "ते डोक्यावर काळा ठिपका असलेलं बघ. मागे घाण चिकटून सुकलीय. अशाने ती जागाच बंद होते." सुनेने वाकून पाहिलं, तरी तिला दिसायला वेळ लागला. दोघींनी कोमट पाण्यात कापूस भिजवून ते साफ केलं. सून म्हणाली, "वॉर्डात तुमच्यासारखी एक जण हवी होती."

तरी तिसऱ्या सकाळी एक पिलू भुशावर आडवं पडलेलं सापडलं. काहीही खोट दिसली नव्हती. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, पुन्हा पाहिलं. नवऱ्याने कुंपणाशी छोटा खड्डा खणला.

चौथ्या दुपारी बल्ब गेला. नवरा कामावर, सून ड्युटीवर. तिने दुसरा बल्ब लावला, तोही पेटेना. पंखाही थांबला होता. वीजच गेली होती. पिल्लं मध्यभागी गोळा व्हायला लागली. बाहेर ढगाळ, गार वारा. ती पाणी तापवायला स्वयंपाकघरात धावली आणि परत आली तर मागच्या दारात शेजारी उभे. शाळेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. कोंबड्यांना त्यांचा पहिल्यापासून विरोध. वास येतो, आवाज येतो, मांजरं येतात, असे तीन मुद्दे त्यांनी कागदावर लिहून नवऱ्याच्या हातात दिले होते.

"अहो, किती किंचाळतायत ती," हेडक्लार्क म्हणाले. "भिंतीपलीकडे ऐकू येतंय. काय झालं?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहून शब्द पकडले. "वीज गेलीय. त्यांना थंडी वाजतेय. आत या आणि दार लावा."

हेडक्लार्कांना अशी ऑर्डर बऱ्याच वर्षांत कुणी दिली नव्हती. ते आत आले. तिने गरम पाणी दोन बाटल्यांत भरलं, बाटल्यांवर नवऱ्याचे जुने मोजे चढवले, गोलात आडव्या ठेवल्या आणि वरून चादर टाकली, एका बाजूने हवेला फट ठेवून. आता चादरीखालचं तिला दिसेना. हाताशी होते ते फक्त हेडक्लार्कांचे कान.

"बसा इथे," तिने स्टूल पुढे केलं. "ओरडणं कमी होतंय का ते मला सांगायचं."

हेडक्लार्क बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, मान तिरकी करून ऐकू लागले. "आहे तसंच आहे." थोड्या वेळाने, "दोन-तीन गप्प झालीयत बहुतेक." मग बराच वेळ काहीच नाही. "अहो, बोला काहीतरी."

"श्श," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला होता. "आता वेगळंच काहीतरी करतायत. गाण्यासारखं. अगदी हळू."

तिने चादर उचलली. बारा पिल्लं मोज्यांना बिलगून पसरली होती, डोळे अर्धे मिटून. वीज आली तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि तोवर बाटल्यांतलं पाणी हेडक्लार्कांनी स्वतः दोनदा बदललं होतं.

पिसं फुटली, माना लांब झाल्या. सहा आठवड्यांनी पिल्लं मागच्या अंगणात गेली. नवऱ्याने जुन्या कपाटाचं खुराडं केलं आणि फळीच्या तुकड्यांनी अंडी घालायचे चार खण पाडले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, एका सकाळी, तपासणीबाई यंत्र कानात न घालताच अंगणात गेली. मोठा तपकिरी पक्षी विटेवर उभा होता. मान ताणायचा, चोच वासायचा, सगळं अंग आवळायचा, थांबायचा, पुन्हा तेच. घशात काहीतरी अडकलंय. तिने झडप घालून त्याला काखेत धरलं, चोच उघडली आणि उजेडाकडे करून आत पाहू लागली. काहीच दिसेना. "अहो, लवकर या," ती ओरडली. "हिचा श्वास कोंडलाय."

नवरा दात घासायचा ब्रश तोंडात धरून धावत आला. त्याने पक्ष्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हसता हसता त्याच्या तोंडातला फेस शर्टावर सांडला. ब्रश काढून तो तिच्या समोर उभा राहिला, ओठ दिसतील असा. "अगं, सोड त्याला. तो आरवतोय."

"कोण तो?"

"आठवडा झाला, रोज पहाटे, तू यंत्र घालायच्या आधी. सगळ्या गल्लीला माहितीये. हेडक्लार्क तर त्याच्यावर घड्याळ लावतात. मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल."

ती खाली बसली आणि पोट धरून हसली. कोंबडा मात्र मानहानी झाल्यासारखा पिसं झटकत निघून गेला. उबवणीवाल्याने तेलाची हमी आठवून मुकाट्याने कोंबडा परत घेतला आणि बदल्यात तेवढ्याच वयाची पांढरी कोंबडी दिली. जुन्या अकरा जणींनी आठवडाभर तिला खाद्याच्या भांड्याजवळ फिरकू दिलं नाही. तपासणीबाईंनी तिच्यासाठी वेगळी ताटली ठेवली आणि स्वतः पहारा दिला.

पाचवा महिना संपता संपता डोक्यावर काळा ठिपका असलेलीची चलबिचल सुरू झाली. खणात शिरायची, बाहेर यायची, भुसा उकरायची, पुन्हा शिरायची. तपासणीबाई उजाडल्यापासून पाटावर बसून होती. नवऱ्याने चहा तिथेच आणून दिला. कोंबडी आत गेली ती या वेळी बराच वेळ आली नाही. मग ती उठली, अंग झटकलं आणि तपासणीबाईंकडे न बघता चालती झाली.

खणात एक अंडं होतं. लिंबाहून जरासं मोठं, फिकट तपकिरी, एका टोकाला खरबरीत.

सून रात्रपाळी करून फाटकातून आत येत होती. तपासणीबाईंनी अंडं तिच्या हातात ठेवलं. ते अजून गरम होतं. सुनेने पर्स तशीच जमिनीवर सोडली आणि दोन्ही हातांनी ते धरलं. दमलेले डोळे एकदम मोठे झाले. "आई, हे आपलं?"

"आपलं म्हणजे तिचं. आपल्याला दिलंय."

नवऱ्याचं म्हणणं पडलं की ते शोकेसमध्ये ठेवावं. सुनेचं म्हणणं, आधी फोटो काढून जहाजावर पाठवावा. फोटो काढला. मग तपासणीबाईंनी अंडं उकडलं, सोललं आणि शिवणाच्या दोऱ्याने त्याचे बरोबर तीन तुकडे केले. बलक गडद, जवळजवळ नारिंगी. तिघं मागच्या पायरीवर बसली. नवऱ्याने आपला तुकडा एका घासात संपवला आणि लगेच पस्तावला. सून कणाकणाने खात होती.

तपासणीबाईंचा तुकडा तोंडाशी आला होता, तेवढ्यात तिला खुराड्याच्या दारात पांढरी शेपटी हलताना दिसली. पांढरी कोंबडी तिसऱ्या खणात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. तपासणीबाई बशी हातात घेऊनच उठली आणि अनवाणी तिकडे निघाली.