बर्फावरची सलामी

दहीहंडीच्या थरांत मी कायम खाली. शाळेत असतानाच आमच्या लालबागच्या पथकाने माझे खांदे पाहिले आणि निकाल लावून टाकला. त्यानंतर कितीतरी वर्षं निम्मी चाळ माझ्या खांद्यांवरून वर गेली आणि टाळ्या घेऊन खाली आली. मी काय पाहिलं? समोरच्याची मान. सगळ्यात वर जाणारा आमचा हडकुळा मित्र उभं राहायला घाबरला, की मी खालून ओरडायचो, "हात सोड रे! खाली मी आहे ना!" मग तो हात उंचावून सलामी द्यायचा आणि फोटो त्याचा छापून यायचा.

हे मी विसरलेलो नाही. रे रोडची जुन्या लाकडाची वखार मी शून्यातून उभी केली. पाडलेल्या इमारतींचे सागवानी वासे घेताना भलेभले बिल्डर माझ्यापुढे घामाघूम होतात. पण थरातल्या जागेच्या या एकाच सौद्यात मी फसलो, आणि तो सल काही जाईना.

आमच्याच पथकातला एकजण थरावरून पडला होता. परळच्या एका लहानशा फिजिओथेरपी केंद्रात तो पुन्हा चालायला शिकला. त्या केंद्राला नवी यंत्रं हवी होती. हडकुळा आता करी रोडला टॉवरमध्ये राहतो. त्याने डोकं चालवलं, की हिमाचलातलं एक बर्फाचं शिखर चढायचं आणि त्या निमित्ताने देणग्या मागायच्या.

"नुसता हात पसरला तर कोण देणार? काहीतरी करून दाखवायला पाहिजे," तो म्हणाला. "रे रोडचे व्यापारी तू बघ."

"म्हणजे याही वेळी ओझं मीच उचलायचं?"

"त्यांच्याशी भांडायला दुसरं कोण आहे आमच्यात?"

"ठीक आहे. पण वर पोचल्यावर थर लावायचा आणि सलामी मी द्यायची."

"तू? वर?" तो इतका हसला की टॉवरचा वॉचमन वळून बघायला लागला.

"मग पावत्याही तूच फाड."

हसणं थांबलं. "चालेल रे बाबा. ये वर."

पथकातले आणखी दोघं धरून आम्ही चौघं निघालो. त्याच्या टॉवरचे जिने पाठीवर सॅक घेऊन चढून चढून सराव केला होता, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा आमचा समज होता. हिमनदीवर पाय ठेवण्याआधी गाईडने आम्हाला एकाच दोरीला बांधलं. तो स्वतः सगळ्यांत पुढे राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भारी आदमी सबसे पीछे."

माझं डोकं फिरलं. इतक्या लांब येऊन, इतके पैसे भरून, पुन्हा तेच! मी भांडलो, पण हा गडी बिल्डरांपेक्षा चिवट निघाला. शेवटी मी रुसून, दोरी पुरती ताणली जाईपर्यंत मागे रेंगाळत चालू लागलो.

बर्फाखाली भेगा लपलेल्या असतात, म्हणून एकमेकांपासून लांब राहायचं, हे गाईडने दहादा सांगितलं होतं. पण हडकुळ्याचा पाय बर्फात खचला आणि तो कमरेपर्यंत आत गेला, तेव्हा बाकीचे दोघं धावत सुटले. पथकाची सवय! माणूस डगमगला की खांद्याला खांदा लावून कडं करायचं. दोघांनी त्याच्याभोवती कडं धरलं, तेही त्याच भेगेवर.

"दूर हटो!" गाईड किंचाळला.

मी रुसून लांबच होतो. दोरीला हिसका बसताच टाचा रोवून खाली बसलो आणि तिथून चाळीतल्या आवाजात त्या दोघांना अशा शिव्या घातल्या की ते मुकाट मागे सरकले. मग गाईडने पुढून आणि मी मागून दोरी ताणून धरली आणि हडकुळा धडपडत बाहेर आला.

"इसीलिए आपको पीछे रखा," गाईड म्हणाला.

ही शाबासकी मी आयुष्यभर ऐकत आलोय. मला ती नको होती.

शिखर चाळीच्या गच्चीएवढं सपाट निघालं. मी गाईडकडे तीन थर मागितले. तीन थरांना माणसंच नव्हती, पण भाव वरूनच सुरू करावा लागतो.

"बिलकुल नहीं."

"दोन?"

त्याने कपाळावर हात मारला. "पहले जूते के नीचे के काँटे निकालो. इनके कंधे फाड़ोगे क्या?"

तिघांनी गळ्यात गळे घालून कडं केलं. मी त्यांच्या मांड्यांवर पाय देत वर चढलो.

"काय खातोस रे तू? लाकूड?" खालून एक आवाज आला.

खांद्यांवर पाय ठेवले खरे, पण उभं राहवेना. ओणवा होऊन मी दोन टोप्या घट्ट धरून बसलो. समोर डोंगरच डोंगर, आणि मला दिसत होत्या फक्त टोप्या. इतकी वर्षं हवी असलेली जागा मिळाली होती आणि मी टोप्या सोडायला तयार नव्हतो.

तेवढ्यात हडकुळा खालून धापा टाकत ओरडला, "हात सोड की रे! खाली मी आहे ना!"

मी हात सोडले, सरळ उभा राहिलो आणि सलामी दिली. गाईडने फोटो काढला. लगेच सगळा थर बर्फात कोसळला. आमचं हसू थांबेना आणि श्वास पुरेना.

परत आल्यावर देणग्यांसाठी रे रोडभर तो फोटो घेऊन फिरलो. टोपी आणि काळ्या चष्म्यात कुणाचंच तोंड ओळखू येत नाही. पहिल्याच दुकानातल्या शेठने तो डोळ्यांजवळ धरला.

"यात तुम्ही कुठले? खाली धरून उभे आहात ते?"

"नाही शेठ," मी म्हणालो. "वरचा."