बासष्टवर थांबलेला आकडा

पाणी शुद्ध करणाऱ्या त्या केंद्रात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. यंत्र बिघडलं की ते आधी त्याच्यावर हात ठेवायचे, मग ऑपरेटरला विचारायचे, "कधीपासून त्रास आहे?" एकवीस वर्षं हा दवाखाना बरा चालला होता. आज मात्र डॉक्टरांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

सोमवारी दुपारी टाकी भरून वाहिली, पंपघरात गुडघाभर पाणी साचलं आणि दोन लहान मोटरी जळाल्या. तेव्हा कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. "टाकी बासष्ट टक्केच दिसत होती," एवढंच तो सांगत राहिला. साहेबांचा हिशेब सरळ होता. पंपघरातल्या पीएलसीशी, म्हणजे टाकीची पातळी कळवणाऱ्या छोट्या संगणकाशी, संपर्क तुटला असता तर गजर वाजला असता. तो वाजला नाही, म्हणजे हा झोपला होता. आज चार वाजता चौकशी होती, आणि नोकरी जाणार हे शिपायालाही ठाऊक होतं.

"तुम्ही आहात म्हणून धीर आहे," सकाळी डबा देताना बायको म्हणाली होती.

पंपघरात डॉक्टरांनी मोठा पंप चालू करायला लावला. पीएलसीवरचा, संपर्क चालू असल्याचं दाखवणारा लुकलुकता हिरवा दिवा विझला. पंप बंद केल्यावर पुन्हा लागला. तीनदा केलं, तीनदा तेच. निरोप नेणारी बारीक तार पंपाच्या जाड केबलला खेटून एकाच चरातून गेली होती. पंप धडाडला की निरोप बुडायचा आणि स्क्रीन शेवटचा आकडा धरून बसायची.

राहिला गजर. त्यासाठी काही शोधायची गरज नव्हती. तीन महिन्यांपूर्वी तो दिवसातून वीसदा केकाटायचा आणि ऑपरेटर वैतागायचे. कारण शोधायला सवड नव्हती, म्हणून डॉक्टरांनीच तो दोन दिवसांपुरता बंद केला, आणि विसरले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा कसा दिसतो, हे त्यांनी हात धुताना आरशात पाहिलं.

गजर गुपचूप चालू करून गप्प बसता आलं असतं. बोट कळफलकापर्यंत गेलंही. निवृत्तीला चारच वर्षं उरली होती, आणि त्यांना खरोखर भीती वाटत होती.

चार वाजता त्यांनी साहेबांपुढे कागद ठेवला. गजर मी बंद केला होता, असं लिहून खाली सही केली होती. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"त्याला उद्या कामावर यायला सांगा," ते म्हणाले. "तुम्ही येऊ नका."

बाहेर बाकावर मेहुणा बसला होता. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मला माहीत होतं, भाऊजी. बंद करा म्हणून तुमच्या मागे मीच लागलो होतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ताईच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?"

डॉक्टर त्याच्या शेजारी बसले. सकाळचा डबा उघडून त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवला. बराच वेळ कोणीच हात लावला नाही.